टॉकबॅक मराठी नोट्स वाचत नव्हता : माझा अनुभव

परळच्या आमच्या नववीच्या वर्गात एक मुलगी अंध आहे. ‘गतीचे नियम’च्या नोट्सची पीडीएफ तिच्या मोबाइलवर उघडली, की टॉकबॅक (अँड्रॉइडमधला, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर) मराठीऐवजी ‘जी, डॉलर, कंस’ असलं काहीतरी बडबडायचा. मराठी व्हॉइस पुन्हा डाउनलोड केला, फोनही बदलून पाहिला. दोन रविवार वाया गेले.

दुखणं फाँटचं निघालं. नोट्स जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला संकेत देणारी, सगळ्या फोन-कॉम्प्युटरना कळणारी पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या. दिसायला मराठी, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. कचरा दिसला, तर तुमचंही हेच.

कॉम्प्युटरवर आधी पीडीएफचं प्रत्येक पान जेपीजी केलं, २ एमबीच्या आत. (थेट पीडीएफ दिली तर तोच कचरा परत येतो.) मग गूगल ड्राइव्हवर अपलोड, राइट क्लिक, ‘ओपन विथ’, ‘गूगल डॉक्स’. चित्राखाली युनिकोड मजकूर येतो. चित्र उडवलं, जोडाक्षरं तपासली. सूत्रं हातानेच टाइप केली, शब्दांत: ‘व्ही वर्ग बरोबर यू वर्ग अधिक टू ए एस’. वर्गाचा छोटा २ हमखास चुकतो. आकृत्यांचं वर्णनही आपणच लिहायचं.

सोमवारी ती म्हणाली, “बाई, स्पीड वाढवू का? फार हळू वाचतोय.”