जुन्या मॅकवर हायपरटेक्स्टसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

हायपरटेक्स्ट म्हणजे दुव्यांनी एकमेकांना जोडलेला मजकूर. जुना मॅक (ॲपलचा संगणक) हाताशी असेल किंवा मिनी व्हीमॅकसारखा एम्युलेटर, म्हणजे जुन्या मॅकची नक्कल करणारा प्रोग्रॅम, चालवत असाल, तर आधी ठरवा: तुमचा मजकूर पत्त्यांत, म्हणजे स्क्रीनवरच्या छोट्या कार्डांत, मावणारा आहे की सलग लांबलचक?

छोट्या नोंदी, चित्रं आणि बटणं असतील तर हायपरकार्ड घ्या. बिल ॲटकिन्सन यांचं हे सॉफ्टवेअर १९८७ मध्ये आलं आणि नव्या मॅकबरोबर फुकट मिळायचं. गोची एकच, पण मोठी. पहिल्या आवृत्तीत शब्दाला दुवा जोडता येत नाही; शब्दावर पारदर्शक बटण ठेवावं लागतं. वर एखादी ओळ वाढवली की शब्द खाली सरकतो आणि बटण बिचारं जागच्या जागी! म्हणून मजकूर पक्का झाल्याशिवाय बटणं ठेवू नका. शक्यतो १९९० ची २.० आवृत्तीच शोधा. तिच्यात शब्दांचा गट करून क्लिक पकडता येतो, पत्त्याचा आकारही बदलता येतो.

मॅकबरोबर आलेल्या हायपरकार्डच्या नंतरच्या प्रतीत स्क्रिप्ट (पत्त्यांना-बटणांना द्यायच्या आज्ञा) लिहायची सोय दडवलेली असते. कमांड-एम दाबून मेसेज बॉक्समध्ये (आज्ञा टाइप करायच्या चौकटीत) इंग्रजीत 'मॅजिक' टाइप करा, रिटर्न दाबा. होम स्टॅकच्या (हायपरकार्डच्या मुख्य गठ्ठ्याच्या) प्रेफरन्सेस पत्त्यावर लपलेले पर्याय उघडे पडतात.

रंग आणि एकाहून अधिक खिडक्या हव्यात? हायपरकार्डसारखंच सुपरकार्ड घ्या. लांबलचक, फाटे फुटणारी कथा लिहायची असेल तर मात्र स्टोरीस्पेस हे सॉफ्टवेअरच; दुव्यांचा नकाशा डोळ्यांसमोर राहतो.