कागदाचे कपडे, कागदाचे विणकाम आणि गोव्याची हवा

गोव्यात दिवाळीला नरकासुराचे पुतळे करणाऱ्या हातांना कागद आणि खळ नवी नसते. पण नरकासुराला खाली बसावे लागत नाही. प्रदर्शनातल्या पोशाखाला बसावे लागते, हात वर करावे लागतात, तेही घामेजल्या अंगावर.

आधी कागदाच्या तंतूंची दिशा ओळखा. छोट्या तुकड्याची एकच बाजू ओली केली की त्याची वळून नळी होते. नळीची लांबी तीच तंतूंची दिशा. पोशाखाची उंची त्या दिशेने घ्या. कागदाला उरेब कापडासारखा ताण नसतो, म्हणून छातीला नेहमीपेक्षा 8–10 सेंमी जास्त ढील ठेवा.

शिकायला 80 जीएसएमचा (चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा) खाकी कागद पुरे. चुरगळा, उलगडा, पुन्हा चुरगळा. कडकपणा मोडला की तो अंगावर नीट पडतो. जपानमध्ये कामिको नावाचे कागदी कपडे असेच मळून मऊ करतात. त्यावर कोन्याकूच्या पिठाचा लेप देतात. हा कंद आपल्या सुरणाच्याच कुळातला. इथे मेथिल सेल्युलोजची (पाण्यात कालवायच्या चिकट पुडीची) पातळ खळ लावा. मैद्याच्या खळीवर झुरळे आणि कसर तुटून पडतात. पुस्तके बांधणारे बाइंडर त्यात मोरचूद घालतात, पण ते विषारी, अंगावरच्या कपड्यात नकोच.

मशीनचा टाका 4–5 मिमी ठेवा. बारीक टाक्यात भोके जवळजवळ पडतात आणि शिवण तिथेच फाटते. टाचण्यांऐवजी चिमटे वापरा. मुंढ्याला आतून मलमलीची पट्टी चिकटवा.

सुयांवरच्या विणकामाला लांब तंतूंचा पातळ कागद हवा, उदाहरणार्थ नेपाळी लोकता. रद्दीचे तंतू आखूड, धागा तुटत राहतो; शिवाय उजेडात ती पिवळी पडते. 20×30 इंचांच्या तावाला तंतूंच्या दिशेने 5 मिमीवर समांतर काप द्या, पण दोन्ही टोकांना 1 सेंमी न कापता सोडा. ताव ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवा, मग खरबरीत फरशीवर हलक्या हाताने लाटा. आता एक जोड वरच्या टोकाला फाडा, पुढचा खालच्या, पुन्हा वरच्या. साधारण 75 मीटरची अखंड पट्टी निघते. वळणावरचे कोपरे चिमटीत दाबा आणि टकळीवर पीळ द्या. पीळ कमी पडला तर पट्टी विणताना चिरते, जास्त झाला तर धागा गाठाळतो.

सुया 8–10 मिमीच्या, बांबूच्या. टाके सैल घाला: लोकर ताणली जाते, कागद नाही, त्यामुळे घट्ट टाका सुईवरून सरकतच नाही. धागा किंचित ओलसर असावा. भिजला तर तुटतो. रिबचा, म्हणजे ताणून पुन्हा आवळणाऱ्या विणीचा, इथे काही उपयोग नाही. गळा डोक्यातून जाईल एवढा, किमान 60 सेंमी घेराचा ठेवा, नाहीतर खांद्यावर बटणे लावा. आणि नमुन्याची पट्टी रात्रभर टांगून मोजाच, कारण विणलेला कागद स्वतःच्या वजनाने लांबतो, पावसाळ्यात तर फारच.

जून ते सप्टेंबर फक्त नमुने करावेत, शेवटची जोडणी ऑक्टोबरनंतर. मांडवीकाठच्या दालनात संध्याकाळी हवा दमट होते, म्हणून फिटिंग त्याच वेळी, त्याच जागी घ्या. कुणबी साडीच्या लाल चौकडीचा मोह झाला तर क्रेप पेपर टाळा. घामाने त्याचा रंग मॉडेलच्या अंगावर उतरतो. दिवे एलईडीच हवेत. पडद्यामागे मलमलीच्या पट्ट्या, पांढरा गोंद आणि मऊ ब्रश तयार ठेवा; काखेतली चीर चढवतानाच पडते.