पुण्याहून एअर इंडियाने परदेशी: दिल्लीला विमान बदलताना

पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची, लांबी जेमतेम अडीच किलोमीटर. पूर्ण इंधन भरून अमेरिकेला निघणाऱ्या बोइंग ७७७ ला ती पुरत नाही. म्हणून इथून मिळतं ते ए३२० जातीचं, तीन-तीन सीट्सचं विमान, आणि मोठं विमान दिल्लीला.

दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) काढा. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर परदेशी एअर इंडिया आणि देशात इंडियन एअरलाइन्स अशी वाटणी होती. २००७ मध्ये दोन्ही एक झाल्या, २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे परतली, २०२४ मध्ये विस्तारा ही विमान कंपनीही तिच्यात आली. म्हणजे दोन्ही टप्पे एकाच कंपनीचे मिळतात. स्वस्त पडतं म्हणून पुणे-दिल्ली वेगळं काढलंत, तर त्या टप्प्यावर सामानाला देशांतर्गत मर्यादा लागते (साध्या इकॉनॉमीत बहुधा १५ किलो), दिल्लीत बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्याव्या लागतात, आणि पुण्याचं विमान रखडलं तर पुढचं तिकीट ‘नो-शो’, म्हणजे प्रवासी आलाच नाही असं धरून बुडतं. वाचलेले दोन हजार तिथेच जातात, वर आणखी कितीतरी.

मधे तीन ते चार तास ठेवा. इमिग्रेशन दिल्लीत होतं, पुण्यात नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यामुळे सकाळची विमानं लटकतात; तेव्हा आदल्या संध्याकाळचं घेतलेलं बरं. दिल्लीत कुठल्या टर्मिनलला उतरणार, तेही तिकिटावर बघून ठेवा.

पुण्याच्या काउंटरवर बॅगेला पट्टी (टॅग) लागताच ती वाचा. मोठ्या अक्षरांत शेवटच्या शहराचा कोड हवा. लंडन हीथ्रोला ‘एलएचआर’. तिथे ‘डीईएल’ दिसलं तर बॅग दिल्लीतच उतरेल. पट्टा हलायच्या आत सांगा. पट्टीवरच्या दहा आकडी क्रमांकात पहिल्या आकड्यानंतर ०९८ असतं, तो एअर इंडियाचा कोड. पावतीचा फोटो काढा. विमानतळ लष्करी आहे, धावपट्टीचा मात्र काढू नका.

मुलांकडे निघालेल्यांची बॅग बहुधा खाऊनेच भरते. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही: त्यात तेल असतं, आपोआप तापून पेट घेऊ शकतं. लोणचं आणि तूप चेक-इनमध्येच, दुहेरी पिशवीत. पॉवर बँक उलट, फक्त हातातल्या बॅगेत, १०० वॉट-तासांपर्यंत. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तास भरते. एका बॅगेचं वजन ३२ किलोच्या वर गेलं तर जादा पैसे देऊनही घेत नाहीत. व्हीलचेअर हवी असेल तर बुकिंगमध्येच नोंदवा, निदान ४८ तास आधी.

परतीला सहसा दिल्लीतच बॅगा उचलून कस्टममधून नेऊन ट्रान्सफर काउंटरवर पुन्हा द्याव्या लागतात, टॅगवर ‘पीएनक्यू’ (पुण्याचा कोड) असलं तरी. निघतानाच काउंटरवर विचारून घ्या.