एरर येत नाही आणि उत्तर चुकतं: पायथॉनमधलं इंडेंटेशन आणि लूप

पायथॉन नव्याने शिकणाऱ्या बहुतेकांना लाल अक्षरांची धास्ती असते. मला मात्र कोड मुकाट चालला की जास्त भीती वाटते, अजूनही वाटते. इंडेंटेशनचा, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या मोकळ्या जागेचा, एरर आला तर पायथॉन निदान ओळीचा नंबर तरी देतो. पण एखादी ओळ चार स्पेस आत गेली किंवा बाहेर राहिली आणि तरीही व्याकरणात बसली, तर प्रोग्रॅम तक्रार न करता चुकीचं उत्तर छापतो. हे लिहायला घेतलं ते मुख्यतः त्या ओळीसाठी. फॉर, व्हाइल, इफ आणि फंक्शन म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

आधी एररवाल्या चुका उरकून टाकू.

कोलन दिला आणि पुढची ओळ आत घेतली नाही, की 'एक्स्पेक्टेड ॲन इंडेंटेड ब्लॉक' येतो. 2021 साली आलेल्या पायथॉन 3.10 पासून हा संदेश नेमक्या कुठल्या फॉर किंवा इफनंतर ब्लॉक हवा होता, तेही ओळीच्या नंबरासकट सांगतो. जुनी आवृत्ती वापरत असाल तर एवढ्यासाठी तरी बदला. 'अनएक्स्पेक्टेड इंडेंट' म्हणजे कारण नसताना ओळ आत गेली आहे. कुठून तरी कॉपी केलेल्या ओळीच्या सुरुवातीला बऱ्याचदा एखादी स्पेस चिकटून येते. 'अनइंडेंट डझ नॉट मॅच एनी आउटर इंडेंटेशन लेव्हल' हे वाचून छाती दडपते, पण अर्थ साधा आहे: ओळ बाहेर आली, पण तिची कड वरच्या कुठल्याच पातळीशी जुळली नाही. चारऐवजी तीन स्पेस, इतकंच. टॅब आणि स्पेसची सरमिसळ झाली की टॅबएरर. पायथॉन 2 ही सरमिसळ बरीच चालवून घ्यायचा, पायथॉन 3 घेत नाही, आणि ते चांगलंच आहे. एडिटरमध्ये टॅबची कळ दाबल्यावर चार स्पेस पडतील अशी सेटिंग करा आणि न दिसणाऱ्या स्पेस ठिपक्यांनी दाखवण्याची सोय चालू ठेवा. चारच का, यावर वेळ घालवू नका. पेप 8 ही पायथॉनची शैली-मार्गदर्शिका चार सांगते, सगळे चार वापरतात, तुम्हीही वापरा.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. हे एरर प्रोग्रॅमची पहिली ओळ चालण्याच्याही आधी येतात, कारण पायथॉन आधी अख्खी फाइल वाचून तिची रचना तपासतो. ओळ 40 वरचं इंडेंटेशन बिघडलं असेल तर ओळ 1 वरचा प्रिंटसुद्धा दिसणार नाही. 'माझा पहिला प्रिंटच चालत नाही' म्हणत कितीतरी जण ओळ 1 शी झगडत बसतात. संदेशातला नंबर बघा. त्या ओळीत काही सापडलं नाही तर तिच्या वरची ओळ बघा.

आता खरा सापळा. मला सर्वांत जास्त छळलं ते यानेच, म्हणून इथे जरा लांबण लागेल. संख्या मूळ आहे की नाही हे सांगणारं फंक्शन घ्या. कीवर्ड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, फाइलमध्ये ते इंग्रजीतच लिहायचे.

डेफ मूळ_आहे(संख्या):
    फॉर भाजक इन रेंज(2, संख्या):
        इफ संख्या % भाजक == 0:
            रिटर्न फॉल्स
        एल्स:
            रिटर्न ट्रू

वाचताना यात काही खटकत नाही. भाग गेला तर मूळ नाही, नाहीतर मूळ आहे. याला 3 द्या, ट्रू येतं. 4 ला फॉल्स, 5 ला ट्रू, 6 ला फॉल्स, 7 ला ट्रू, 8 ला फॉल्स. ओळीने सहा उत्तरं बरोबर आल्यावर कोण पुढे तपासतं? 9 द्या. ट्रू.

आता 9 चा ड्राय रन, म्हणजे कोड स्वतः ओळीने चालवून बघणं, कागदावर करा, मनात नको. भाजक 2. नऊला दोनने भागून बाकी 1. म्हणजे इफ खोटा, म्हणून एल्स. एल्समध्ये रिटर्न ट्रू. संपलं. रिटर्न नुसतं लूपमधून बाहेर काढत नाही, फंक्शनच संपवतं. भाजक 3 होण्याची वेळ येतच नाही. आणि हे फक्त 9 चं नाही. इफ खरा असो वा खोटा, दोन्ही वाटांवर रिटर्न बसलेला आहे, त्यामुळे या लूपची दुसरी फेरी कुठल्याच संख्येसाठी होत नाही. लूप दिसतो, पण लूप नाही. हे फंक्शन प्रत्यक्षात एवढंच तपासतं की संख्येला 2 ने भाग जातो का. 3 ते 8 मधल्या सगळ्या विषम संख्या योगायोगाने मूळ आहेत, म्हणून 9 पर्यंत पत्ता लागत नाही.

दुरुस्ती अशी:

डेफ मूळ_आहे(संख्या):
    फॉर भाजक इन रेंज(2, संख्या):
        इफ संख्या % भाजक == 0:
            रिटर्न फॉल्स
    रिटर्न ट्रू

एल्स गेला आणि रिटर्न ट्रू फॉरच्या रेषेत आला. (1 दिल्यावर हेही ट्रू म्हणेल, म्हणून संख्या 1 पेक्षा मोठी आहे ना, हे सुरुवातीला वेगळं तपासावं लागतं.)

ओळ कुठे हलवायची हे पाठ करून उपयोग नाही, का हलवायची ते कळायला हवं. 'मूळ नाही' म्हणायला एक भाजक सापडला तरी पुरतो, म्हणून रिटर्न फॉल्स लूपच्या आत योग्य आहे. 'मूळ आहे' म्हणायला मात्र सगळे भाजक तपासून व्हावे लागतात, म्हणून ते वाक्य लूप संपल्यावरच उच्चारता येतं. यादीत अमुक नाव आहे का, पासवर्डमध्ये अंक आहे का, सगळे गुण 35 च्या वर आहेत का, या सगळ्यांत हाच प्रश्न असतो: एका फेरीत निकाल लागतो का, की सगळ्या फेऱ्या व्हाव्या लागतात? इफ लिहिला की हात आपोआप एल्सकडे जातो. लूपच्या आत तो हात आवरा.

गंमत म्हणजे मूळ कोडातला तोच एल्स, त्याच्या आतल्या ओळीसकट, चार स्पेस डावीकडे सरकवून फॉरच्या रेषेत आणला, तरी कोड चालतो आणि बरोबर उत्तर देतो. पायथॉनमध्ये फॉरलाही एल्स लावता येतो. ब्रेक (लूप मध्येच थांबवणारी ओळ) न लागता लूप पूर्ण झाला की तो चालतो. अक्षर न् अक्षर तेच, फक्त दोन ओळींची कड बदलली, आणि चूक कोड बरोबर झाला. सुरुवातीला ही रचना स्वतः वापरू नका, पण दुसऱ्याच्या कोडमध्ये दिसली तर ती टायपिंगची चूक समजून 'दुरुस्त' करायला जाऊ नका.

याच सापळ्याचं दुसरं रूप बेरजेत भेटतं. 72, 65, 81, 90 या चार गुणांची सरासरी काढायची आहे. लूपच्या आधी बेरीज शून्य करायची, आत एकेक गुण मिळवायचा, शेवटी बेरीज भागिले यादीतले आकडे किती तेवढे, हे रिटर्न करायचं. बेरीज 308, सरासरी 77. रिटर्नची ओळ चुकून लूपच्या आत गेली तर उत्तर येतं 18. बेरीज शून्य करणारी ओळ लूपच्या आत गेली तर येतं 22.5. हे आकडे टाकून देऊ नका, त्यांच्याकडे बघा. 18 म्हणजे 72 भागिले 4: फक्त पहिला गुण मोजला गेला, म्हणजे कोड पहिल्याच फेरीत बाहेर पडला. 22.5 म्हणजे 90 भागिले 4: फक्त शेवटचा गुण उरला, म्हणजे आधीचा हिशोब दर फेरीला पुसला गेला. पहिलाच उरला तर रिटर्न किंवा ब्रेक शोधा, शेवटचाच उरला तर शून्य करणारी ओळ शोधा. चुकीचं उत्तर बहुतेक वेळा चुकीच्या ओळीचा पत्ता सांगतं.

म्हणूनच तपासायला 10, 10, 10, 10 असे आकडे घेऊ नका. पहिला गेला की शेवटचा, काहीच कळणार नाही. एकच आकडा असलेली यादी त्याहून फसवी. रिटर्न लूपच्या आत असला तरी 72 या एकट्या गुणाची सरासरी बरोबर 72 येते. वेगवेगळे, सहज ओळखू येणारे चार-पाच आकडे घ्या. मग रिकामी यादीही देऊन बघा, कारण रिटर्न आत गेल्याने बिघडलेलं फंक्शन तिथे नन (पायथॉनमधलं 'काहीच नाही') परत करतं, तर बरोबर लिहिलेलं शून्याने भागल्याचा एरर देतं. इथे एरर येणं हीच चांगली खूण आहे.

कोड लिहिताना मी प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारते: हे एकदाच आधी व्हायचंय, दर फेरीला व्हायचंय, की सगळं झाल्यावर? पहिलं असेल तर फॉरच्या वर, दुसरं असेल तर आत, तिसरं असेल तर खाली फॉरच्या रेषेत. सुरुवातीला हे मोठ्याने म्हणा. वेळ लागतो, लागू द्या.

आणि हे काम एडिटरवर सोपवता येत नाही. ज्या भाषांमध्ये महिरपी कंस असतात तिथे कंस बघून एडिटर इंडेंटेशन पुन्हा लावून देऊ शकतो, कारण अर्थ कंसात असतो. पायथॉनमध्ये अर्थच इंडेंटेशनमध्ये आहे. ब्लॅकसारखा फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप नीट करणारं साधन) सगळीकडे सारख्या तीन स्पेस असतील तर त्यांचे चार करून देईल, पण तुमचा रिटर्न आत हवा होता की बाहेर, हे त्याला कळणार नाही. एआयला कोड देऊन 'दुरुस्त कर' म्हणणंही मला सुरुवातीच्या महिन्यांत मान्य नाही. उत्तर बहुधा बरोबर मिळेल, पण ओळ का हलली हे तुम्ही बघितलेलंच नसेल, आणि पुढच्या आठवड्यात तोच रिटर्न पुन्हा आत जाईल. विचारायचंच असेल तर 'हा कोड 9 साठी ओळीने काय करतो ते सांग' असं विचारा.

शिकवणाऱ्यांबद्दलही माझं मत ठाम आहे. जो माणूस तुमच्या खुर्चीमागे उभा राहून 'सरक जरा' म्हणत कीबोर्ड हातात घेतो आणि चार स्पेस मागे घेऊन निघून जातो, त्याने तुमचा प्रोग्रॅम चालवून दिला, तुम्हाला काही दिलं नाही. मला पहिल्यांदा नीट शिकवलं ते कीबोर्डला हात न लावणाऱ्या एका सीनियरने. ती फक्त विचारायची, 'ही ओळ कुणाची?' म्हणजे ही ओळ फॉरच्या ताब्यात आहे, इफच्या, की फंक्शनच्या? तेव्हा राग यायचा. आता दुसऱ्यांना मी हेच विचारते.

व्हाइलबद्दल थोडं. काउंटर वाढवायला विसरल्यावर लूप संपत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. कमी जणांना माहीत असतं ते हे: काउंटर वाढवणारी ओळ आहे, योग्य इंडेंटेशनने आहे, पण ती ब्लॉकच्या तळाशी आहे आणि तिच्या वर कुठेतरी इफमध्ये कंटिन्यू आहे. कंटिन्यू लागला की खालची ओळ वगळून कोड थेट अटीकडे परत जातो. काउंटर तसाच राहतो, पुन्हा तोच इफ, पुन्हा कंटिन्यू, आणि प्रोग्रॅम लटकतो. फॉरमध्ये हे होत नाही, कारण पुढचा आकडा आणण्याचं काम फॉर स्वतः करतो. त्यामुळे फेऱ्या किती हे आधीच माहीत असेल तर फॉरच वापरा. लटकलेला प्रोग्रॅम कंट्रोल आणि सी एकत्र दाबून थांबवता येतो. त्यावर कीबोर्डइंटरप्ट असा संदेश येतो, त्याने काही बिघडत नाही, उलट त्यात कोड कुठल्या ओळीवर थांबला तेही दिसतं.

रेंज शेवटचा आकडा घेत नाही, हे तुम्ही वाचलेलं असेलच. रेंज(1, 10) मध्ये 1 ते 9 येतात.

ज्या लिस्टवर लूप फिरतोय तिच्यातूनच वस्तू काढणं मात्र वाईट आहे, कारण इथेही एरर येत नाही. 2, 4, 6, 7 या लिस्टवर फॉर लावून सम संख्या रिमूव्ह करत गेलात तर शेवटी 4 आणि 7 उरतात. 2 निघाल्यावर सगळे एक जागा पुढे सरकतात, 4 पहिल्या जागेवर येतो, पण लूप तोवर दुसऱ्या जागेवर गेलेला असतो आणि तिथे आता 6 आहे. 4 कडे कुणी बघितलंच नाही. हव्या त्या संख्या नव्या लिस्टमध्ये गोळा करा, जुनीला हात लावू नका.

इतकं करूनही अडलात तर विचारा, त्यात कमीपणा काही नाही. अनेक वर्षं काम करणारे लोकही रिटर्न चुकीच्या पातळीवर ठेवतात, फक्त त्यांना तो लवकर दिसतो. विचारताना कोड मजकूर म्हणून द्या. स्क्रीनचा फोटो कुणाला चालवून बघता येत नाही, आणि साध्या मेसेजमध्ये पेस्ट केलेल्या कोडच्या सुरुवातीच्या स्पेस बऱ्याचदा गळून जातात, म्हणजे नेमकी जी गोष्ट दाखवायची तीच हरवते. कोड ब्लॉकची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर फाइलच पाठवा. सोबत तीन गोष्टी लिहा: कोणता इनपुट दिला, काय उत्तर आलं, काय यायला हवं होतं. 'चालत नाही' एवढंच लिहिलंत तर समोरच्याला सुरुवात कुठून करायची ते कळणार नाही. '9 दिल्यावर ट्रू येतं, फॉल्स यायला हवं' असं लिहिलंत, तर त्याची नजर थेट त्या रिटर्नवर जाईल.