जुनी गाडी दोनदा पाहा

कापसाच्या पैशातून घरच्यांसाठी जुनी गाडी घ्यायची ठरली, तर ती दोनदा पाहा. पहिल्यांदा सकाळी, न सांगता. बोनेटला हात लावा. गरम लागलं तर मालकानं आधीच चालू करून ठेवली, समजा. ऑइलचं झाकण उघडा. आत दह्यासारखा पांढरट थर असेल तर इंजिन थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, ऑइलमध्ये मिसळत असण्याची शंका, मेकॅनिकला विचारल्याशिवाय बयाणा देऊ नका. मग खाली वाकून ऑइल चेंबर बघा, पांदणीतल्या दगडानं ठेचलेला असतो बरेचदा.

दुसऱ्यांदा भर दुपारी. चार जण बसवा, एसी लावा अन् दहा-बारा किलोमीटर फिरवा. आपल्याकडच्या ४५ अंशांत तापमानाचा काटा चढला, तर गाडी कितीही चकाचक असो, सोडा.

मॉडेल? वॅगनआर किंवा अल्टो, पेट्रोलच. दिसायला साधी, पण पार्ट तालुक्याला मिळतात.

मध्य प्रदेश पासिंगची गाडी स्वस्त वाटते. त्यात एनओसी, म्हणजे तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स मिळवून हिशेब करा. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, बँकेचा बोजा अन् नोंदणीची तारीखही पाहा. १५ वर्षं झाली की पुनर्नोंदणीचा खर्च तुमच्याच माथी.