रोपाची पानं पिवळी पडताहेत? आधी कुंडीत बोट घाला

गेल्या जुलैत आमच्या हॉलमधल्या सिंगोनियमची पानं एकेक करून पिवळी पडायला लागली. खत कमी पडत असेल म्हणून मी मूठभर गांडूळखत घातलं, आईने चहाचा चोथा घातला. आठवड्यात आणखी चार पानं गेली. शेवटी कुंडी उचलून पाहिली. रोप नर्सरीच्या काळ्या पिशवीसकट चिनीमातीच्या कुंडीत ठेवलेलं होतं आणि त्या देखण्या कुंडीच्या तळाशी दोन बोटं पाणी साचलं होतं. आम्ही दोघं एकमेकांना न सांगता रोज पाणी घालत होतो.

तेव्हापासून पिवळं पान दिसलं की मी पुढच्या क्रमाने जातो. खत सगळ्यात शेवटी.

१. पिवळं पान कुठलं आहे ते बघा

महिन्या-दोन महिन्यांत खालचं एखादं जुनं पान पिवळं होऊन गळत असेल आणि शेंड्याला नवी पालवी येत असेल, तर काहीही करू नका. बियांपासून वाढवलेल्या रोपाची पहिली दोन पानं, म्हणजे बीजदलं, त्यातला अन्नसाठा संपला की गळणारच. नर्सरीतून नुकतंच आणलेलं रोपही शेडनेटखालच्या उजेडातून घरातल्या अंधुक कोपऱ्यात आल्यावर दोन-तीन आठवडे पानं टाकतं. त्याला लगेच नव्या कुंडीत हलवू नका, आधीच बिचारं घर बदलून दमलेलं असतं.

एकाच वेळी बरीच पानं पिवळी पडत असतील किंवा नवीन पानच पिवळं येत असेल, तर पुढे चला.

२. माती तपासा

बोट दोन पेरं मातीत घाला. माती ओली, पान मऊ आणि पिवळं, तर पाणी जास्त झालंय. माती कोरडी, कुंडी उचलल्यावर हलकी, पानाच्या कडा कुरकुरीत, तर पाणी कमी पडतंय. कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडत असतील तर माती बरेच दिवस ओली राहते आहे असं समजा.

फसगत होते ती पान मलूल दिसलं की. मुळं कुजली तरी रोप मान टाकतं, कारण कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. आपल्याला वाटतं तहानलंय. आपण आणखी एक तांब्या ओततो आणि त्याचा कारभार आटोपतो.

दुसरी फसगत मातीच्या गोळ्याची. बरीच रोपं चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात येतात. आपण तो गोळा तसाच कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) भुसभुशीत मिश्रणात बसवतो. पाणी बाजूने निघून जातं आणि गोळा आत विटेसारखा कोरडा राहतो. बोटाला मात्र सगळं ओलं लागतं. म्हणून ढोकळ्यात सुरी खुपसतो तशी उदबत्तीची जुनी काडी बुंध्याजवळ गोळ्यात खुपसा. माती चिकटून आली तर आत ओल आहे, कोरडी ठणठणीत निघाली तर नाही. कोरडा असेल तर कुंडी बादलीभर पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा आणि मग पूर्ण निथळू द्या.

३. ओली असेल तर मुळं बघा

रोप हलक्या हाताने बाहेर काढा. पांढरी किंवा फिकट, टणक मुळं म्हणजे ठीक. तपकिरी, लिबलिबीत, बोटांत धरल्यावर साल सुटून येणारी आणि घाण वास मारणारी मुळं कुजलेली. ती स्वच्छ कात्रीने कापा. उरलेल्या मुळांच्या मापाची, तळाला भोक असलेली लहान कुंडी घ्या. दोन भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू पुरते. नव्या मुळांना जागा म्हणून मोठी कुंडी देऊ नका, तेवढी जास्त माती ओलीच राहील. उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवा आणि महिनाभर खत नाही.

‘दिवसाआड पाणी’ हा नियम विसरलेला बरा. मे महिन्यात जी कुंडी दोन दिवसांत सुकते, ती पावसाळ्यात आठवडाभर ओली राहू शकते.

४. पान उलटं करा

मागे कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. पानावर पिवळट बारीक ठिपके आणि देठाशी जाळी म्हणजे लाल कोळी, पानातला रस शोषणारे अगदी बारीक जीव. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका, हलणारे कण दिसतील. रोप इतरांपासून वेगळं ठेवा, पानं पाण्याने धुवा. लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब नीट ढवळा. आधी एका पानावर मारून एक दिवस थांबा. मग संध्याकाळी मुख्यतः पानांच्या मागे फवारा. आठवड्याच्या अंतराने तीनदा, कारण अंडी एका फवारणीत मरत नाहीत.

५. उजेड आणि एसी

दुपारी दिवा न लावता तिथे वर्तमानपत्र वाचता येत नसेल तर रोपालाही उजेड कमीच आहे. एसीचा झोत थेट पानांवर येत असेल तर हलवा.

६. आता खताचा विचार

खालची जुनी पानं सरसकट फिकी पडत असतील तर बहुधा नत्र (नायट्रोजन) कमी आहे. नत्र कमी पडलं की रोप जुन्या पानातलं काढून नव्याला देतं. जुन्याच पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियमचा संशय घ्या. तसंच चित्र कोवळ्या पानांत दिसलं तर लोहाचा, कारण लोह जुन्या पानातून हलत नाही. बोअरचं जड पाणी सतत घातलं की माती अल्कधर्मी होते आणि असलेलं लोहही मुळांना मिळत नाही. तिथे पावसाचं पाणी साठवून वापरलेलं चांगलं. नत्रासाठी लहान रोपाला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरभर पाण्यामागे अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही ओल्या मातीत.

एका वेळी एकच बदल करा, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. पूर्ण पिवळं झालेलं पान पुन्हा हिरवं व्हायची वाट बघू नका, नवं पान कसं येतंय ते बघा.

आमच्या सिंगोनियमला तीनच पानं उरली होती. चौथ्या आठवड्यात हिरवी सुरळी दिसली. पाण्याचं खातं आता एकट्या आईकडे आहे.