घरच्या जुन्या जीपचा खऱ्या किमतीचा विमा : तयारीची यादी

सोयाबीन निघालं, हातात थोडे पैसे आणि थोडी उसंत आली, की कोठ्यातल्या जुन्या गाडीचं काम काढा. मे महिन्यात नको. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की तापलेल्या पत्र्याखाली वाकून चेसिस तपासायला कोणी धजत नाही. पावसाळ्यात तर नकोच. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ बरा, आणि कापूस घरात रचायच्या आधी गाडी उजेडात आली तर उत्तम. मी इथे जीप धरून लिहितो आहे, कारण आपल्याकडे विदर्भात तीच जास्त उरली आहे. पण आजोबांची अ‍ॅम्बॅसिडर, मामांची फियाट, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट, येझदी, राजदूत, कोणतीही असो, तयारी साधारण हीच.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. गाडीची किंमत विमा काढताना ठरते. अपघात झाल्यावर, चोरी झाल्यावर, आग लागल्यावर ती ठरवता येत नाही. तेव्हा फक्त पॉलिसीवर छापलेला आकडा वाचला जातो. म्हणून खालची सगळी धावपळ हप्ता भरण्याच्या आधी करायची.

पहिला कागद आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, आणि त्यावर पहिलं बघायचं ते नाव. गावाकडे शेताचा फेरफार वेळेवर होतो, सातबाऱ्यावर वारसांची नावं चढतात, पण गाडी मात्र गेलेल्या माणसाच्याच नावावर वर्षानुवर्षं राहते. "गाडी चालू आहे ना, मंग कागद कायले पाह्यजे?" असं म्हणणारे काकाजी प्रत्येक गावात आहेत. त्यांना समजावून सांगा की मृत माणसाच्या नावाने घेतलेली पॉलिसी दाव्याच्या वेळी उभी राहत नाही. मालक वारला तर ताबा घेणाऱ्या वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये नाव चढवण्याचा अर्ज करायचा, असा नियम आहे. मुदत टळून गेली असली तरी काम होतं, दंड भरावा लागतो. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकी भावाबहिणींची ना-हरकत आधीच जमवा. बहिणी लग्न होऊन दूर गेलेल्या असतात. दिवाळीला माहेरी येतात तेव्हाच सह्या घेतल्या तर पुढची पायपीट वाचते. गाडी सरकारी किंवा लष्करी लिलावातून आली असेल तर लिलावाचा कागद जिवापाड जपा. मालकीची साखळी तिथूनच सुरू होते, आणि मूल्यांकनातही त्याला वजन असतं.

नाव झालं की आरसीची मुदत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपलेल्या आरसीवर विमा मिळाला तरी तो कामी येईलच असं धरू नका. तात्पुरती नोंदणी संपलेल्या, चोरीला गेलेल्या एका कारचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नाकारण्यायोग्य ठरवला होता. नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याआधीच्या जुन्या नंबरांच्या गाड्यांची नोंद बऱ्याचदा अजून सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर चढलेलीच नसते. ती चढवून घ्या, नाहीतर कंपनीच्या संगणकात गाडी सापडणार नाही. आरसीवर जुन्या बँकेचा बोजा दिसत असेल तर बँकेचा दाखला आणि नमुना ३५ देऊन तो उतरवा. कर्ज कधीच फिटलेलं असलं तरी बोजा कागदावर आहे तोवर पूर्ण नुकसानीची रक्कम आधी बँकेकडे जाऊ शकते. पीयूसी ताजी ठेवा.

आता गाडीपाशी या. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीवर आहेत तेच लोखंडावर आहेत का, हे डोळ्यांनी बघा. वर्षांच्या ग्रीस-मातीखाली आकडे दबलेले असतात. रॉकेल लावून, मऊ ब्रशने साफ करा. खरवडू नका, ग्राइंडर तर जवळही आणू नका. घासलेला नंबर बघितला की सर्व्हेअरच्या, म्हणजे विम्यासाठी गाडी तपासणाऱ्याच्या, मनात शंका येते, आणि ती जाता जात नाही. आकडे स्वच्छ झाले की कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या आणि फोटो काढा.

विदर्भातल्या जीपांचा खरा अडथळा इथे येतो. सीजे-३बी जीप कारखान्यातून पेट्रोल इंजिनात आली, पण पेट्रोल परवडेना म्हणून नंतर मिस्त्रीकडून डिझेल इंजिन बसवून घेतलेल्या जीपा गावोगाव आहेत. शेतकऱ्याच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. पण आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, अशी गाडी विम्याच्या दृष्टीने वेगळीच गाडी ठरते. बदल आरटीओत नोंदलेला नसेल तर आधी त्याचा निकाल लावा : एक तर रीतसर नोंद, नाहीतर मूळ जातीचं पेट्रोल इंजिन शोधून पुन्हा बसवणं. माझं मत विचाराल तर, जीप शेतात रोज राबत असेल तर डिझेलची नोंद करून घ्या. ती जपायची असेल, तर मूळ इंजिनासाठी जुनं सामान विकणाऱ्यांकडे शोध घ्या. खर्च होतो, पण मूल्य तिथेच वाढतं. जुनं मूळ इंजिन कोठ्याच्या कोपऱ्यात पडलेलं असेल तर भंगारवाल्याला चुकूनही देऊ नका.

याच टप्प्यावर व्हिंटेज नोंदणीचा विचार करा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून जास्त झालेली, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्ही आणि ए ही अक्षरं येतात. अशा खासगी कारला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईच्या विम्याच्या, हप्त्यात पन्नास टक्के सवलत आहे. पण ही गाडी मग रोज रस्त्यावर काढता येत नाही : प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. व्यापारी वापर बंद. बाजारसमितीत, लेकीच्या सासरी, शेतावर त्याच जीपने जाणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये, असं मला वाटतं. सवलतीपोटी चालती गाडी बांधून ठेवण्यात अर्थ नाही.

विम्यातल्या व्हिंटेजची व्याख्या मात्र याहून जुनी आहे, आणि इथेच लोक गोंधळतात. विम्याच्या मोटार दरपत्रकात ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली कार म्हणजे व्हिंटेज. अशा गाडीलाच ठरलेल्या मूल्याची पॉलिसी मिळते, म्हणजे आधी ठरलेली रक्कम घसारा (वयामुळे किमतीत धरलेली घट) न कापता. आपल्या साठ-सत्तरच्या दशकातल्या जीपा, फियाटी त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी उरतो तो आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीवर जाहीर केलेलं मूल्य. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला त्याचा ठरलेला तक्ता आहे, पाचव्या वर्षी पन्नास टक्के घसारा. त्यापुढच्या आणि बंद पडलेल्या मॉडेलांना तक्ता नाही. तिथे मूल्य कंपनी आणि मालक यांच्या समजुतीने ठरतं. ही समजूत तुम्ही मागितली नाही तर एजंट संगणकात येईल तो किरकोळ आकडा टाकून मोकळा होतो, हप्ता कमी आला म्हणून आपणही खूश.

त्या खुशीची किंमत हिशेबाने बघा. समजा आयडीव्ही ८०,००० लिहिला आणि जीपची खरी किंमत त्याच्या चौपट आहे. पुलावर टक्कर झाली, दुरुस्ती ६५,००० निघाली. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी पूर्ण नुकसान धरली जाते. ८०,००० चे ७५ टक्के म्हणजे ६०,०००. मिस्त्रीने पंधरा दिवसांत उभी केली असती अशी जीप कागदावर संपली. मग ८०,००० मधून ठरलेली कपात होऊन पैसे हातात, आणि गाडी भंगाराच्या भावाने कंपनीच्या ताब्यात. ती परत हवी तर भंगाराची किंमत दाव्यातून वजा करून घ्यावी लागते. कमी आयडीव्हीत वाचलेले हप्त्याचे पैसे असे एका फटक्यात जातात.

म्हणून मूल्याचे पुरावे गोळा करा, आणि एका फाइलीत तारीखवार लावा. फोटो सकाळच्या उन्हात : चारही बाजू, चारही कोपरे, बॉनेटखालचं इंजिन, डॅशबोर्ड आणि त्यावरची पाटी, मीटर, सीट, हूड, पाटे, टायर, आणि गाडी रॅम्पवर चढवून खालचा भाग. गंजाचे, वेल्डिंगचे, ठिगळांचे फोटोही घ्या. दोष लपवलेला अहवाल पुढे अडचणीत आणतो. इंजिनाचं काम, बोअर, पिस्टन, गिअरबॉक्स, टिनकाम, रंग, वायरिंग यांची बिलं जोडा. गावच्या मिस्त्रीकडे छापील बिल नसतं. त्याच्याकडून साध्या कागदावर काम, सामान, रक्कम, तारीख आणि सही घ्या. खर्च झाला तेवढी किंमत वाढली असं मूल्यांकनकर्ता धरत नाही, हे लक्षात असू द्या, पण काम कोणत्या दर्जाचं झालं ते त्यातून कळतं. त्याच मॉडेलच्या, त्याच वयाच्या गाड्या कितीला गेल्या याची माहिती ठेवा. जाहिरातीतली मागणी आणि हातात पडलेली रक्कम यांत फरक असतो. परिचितांपैकी कोणी गाडी विकली असेल तर त्यांची विक्रीपावती मागून घ्या. जुने फोटो असतील, लग्नातले, पोळ्याच्या दिवशीचे, निवडणुकीच्या प्रचारातले, तर तेही लावा. गाडी त्या काळापासून याच घरात, याच रूपात आहे, हे त्यांतून दिसतं.

मूल्यांकनकर्ता निवडण्याआधी कंपनीला विचारा की ती कोणाचा अहवाल मानते. आपण पैसे भरून अहवाल आणायचा आणि कंपनीने तो बाजूला ठेवायचा, असं होऊ नये. विमा सर्व्हेअरचा, मोटार विभागातला परवाना असलेला माणूस बघा, आणि त्याने जुन्या गाड्या पाहिलेल्या असाव्यात. नव्या कारांचे डेंट मोजणाऱ्याला मूळ डायनॅमो आणि नंतर बसवलेला अल्टरनेटर यांतला फरक सांगता येईल का, हे बोलण्यातून समजतंच. अहवालात चेसिस आणि इंजिन नंबर, मूळ भाग कोणते आणि बदललेले कोणते, सध्याची अवस्था, बाजारमूल्य कशावरून काढलं, तारीख, आणि तो विम्यासाठी आहे, हे स्पष्ट असावं.

मग कंपनीला लेखी अर्ज करा : सोबतच्या अहवालाप्रमाणे आयडीव्ही एवढा धरावा. उत्तर लेखीच घ्या, एजंटच्या तोंडी होकारावर थांबू नका. आधीची पॉलिसी तुटलेली असेल तर कंपनी गाडीची पाहणी करेल. ती धुऊन, बॅटरी लावून, चालू अवस्थेत ठेवा. नव्वद दिवसांहून जास्त खंड पडला की नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, हेही ध्यानात घ्या.

अर्ज देताना चार प्रश्न तोंडावर विचारून घ्या. पहिला, सुट्या भागांचा. दहा वर्षांवरच्या गाडीच्या लोखंडी भागांवर दाव्यात पन्नास टक्के घसारा कापतात. टायर, रबर, बॅटरीवरही पन्नास, काचेवर काही नाही. म्हणजे दुर्मीळ मडगार्ड कितीलाही मिळो, निम्मे पैसे आपलेच, आणि आयडीव्ही वाढवून ही कपात टळत नाही. दुसरा, वरातीचा. आपल्याकडे नवरदेवासाठी सजवलेली जुनी जीप मागायला लोक येतात. खासगी पॉलिसीवर पैसे घेऊन गाडी दिली की संरक्षण जातं. नात्यातल्या लग्नाला द्यायची तर फुकट द्या. तिसरा, रॅलीचा : शर्यत किंवा वेगाची चाचणी असेल तर ती पॉलिसीबाहेर आहे, पण ट्रकवर चढवून नेताना झालेलं नुकसान सर्वंकष, म्हणजे आपल्या गाडीचंही नुकसान भरून देणाऱ्या, पॉलिसीत येतं. चौथा प्रश्न, गाडी वर्षभर उभीच राहणार असेल तर आग आणि चोरीपुरतं मर्यादित संरक्षण मिळेल का. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत आग, चोरी, गारपीट, वीज, पूर, यांपैकी काहीच नाही.

आगीचं मात्र आपण स्वतः बघायचं. कापूस, कुटार, कडबा आणि पेट्रोलची गाडी एकाच छपराखाली ठेवू नका. जागाच नसेल तर निदान बॅटरीची तार काढा, टाकी जवळपास रिकामी ठेवा, कोठ्यातली उघडी वायर आधी बदला. उंदीर वायरिंग कुरतडतात. त्याचा दावा कंपनी मानते का, तेही विचारून ठेवा.

पॉलिसी हातात पडली की त्याच दिवशी अक्षर-अक्षर वाचा. मालकाचं नाव, चेसिस आणि इंजिन नंबर, निर्मितीचं वर्ष, इंधन, आयडीव्ही, बोजा, वैयक्तिक अपघात विमा, वारसाचं नाव. एक आकडा चुकला तरी लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या. कंपनी दुरुस्ती नाकारत असेल किंवा महिनाभर उत्तर देत नसेल तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला फी लागत नाही. फाइलीची एक प्रत घरी, एक शहरात राहणाऱ्या मुलाकडे किंवा भावाकडे, आणि सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये. मूल्यांकन दोन-तीन वर्षांनी नवं करून घ्या, मोठं काम झालं तर त्याआधीही, आणि नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर महिनाभर आधीच्या पानावर लिहून ठेवा.